ळचं तोंड

सॉफ्टवेअरबरोबर नऊ तोंडं येतात.
मिटलेलं, प-ब-म साठी.
गोल, ओ आणि ऊ साठी.
वरचे दात ओठावर टेकलेलं एक,
जीभ दातांमागे लावलेलं एक, ते ल साठी.
नऊ तोंडांत माणूस किती खोटं बोलू शकतो
हे मी चार वर्षं बघतेय,
विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर.
खाली ठिबक सिंचनाचं दुकान, वर आमचं ‘झोपमोड’,
सोमवार ते शुक्रवार, रात्री साडेअकरा.

ळ साठी तोंड नाही.
ज्यांनी तक्ता बनवला त्यांना कधी लागलं नसेल.
आम्हाला लागतं.
सांगलीत हळद आहे, गूळ आहे, मळा आहे, मळी आहे,
नळ आहे, त्याला दिवसाआड पाणी आहे,
आणि आमचे साहेब आहेत,
म्हणजे साहेबांचं मी काढलेलं चित्र,
भुवया जाड, मान जवळजवळ नाहीच,
दर भाषणात सात वेळा म्हणतात, काळजी करू नका.

इतके दिवस ल चं तोंड लावून भागवलं.
तक्रार एकही नाही.
फक्त बघणारा अर्धा क्षण कुठेतरी अडखळायचा,
घशापर्यंत आलेलं हसू तिथूनच परत जायचं,
आणि लेखक विचारायचा, विनोद तर बरोबर होता, मग झालं काय?
मला ठाऊक होतं.
ग्राफिक्सचं डिपार्टमेंट माझं. मी गप्प.

मंगळवारी सन्मतीला म्हटलं, ळ म्हण.
म्हणाला. दातांवरच्या तारांपुढे काही दिसेना.
आरशासमोर जाऊन स्वतः म्हटलं,
कोळेकर, कोळेकर, कोळेकर.
जन्मापासूनचं आडनाव
आणि जीभ नक्की कुठे जाते पत्ता नाही.

शेवटी रात्रपाळीचे दस्तगीरमामा.
पुढचे चार दात गेलेले,
कवळी डबीत, डबी खिशात,
खाताना तेवढी लावतात.
म्हटलं, मामा, तोंड उघडून ळ म्हणा.
“नुसता ळ कोण म्हणतंय गं?”
मग मोबाइलच्या उजेडात म्हणत राहिले,
हळदीच्या गिरणीत बावीस वर्षं,
नाकात हळद, डोळ्यात हळद,
धाकटीच्या लग्नात सगळे हळद लावून पिवळे,
मी आधीपासनंच पिवळा.

आणि मला दिसलं.
जीभ मागे वळते, टोक टाळूला चिकटतं,
क्षणभर खालची बाजू उघडी पडते,
फिकट, निळ्या शिरेची,
माणसानं एरवी कुणाला न दाखवलेली,
आणि तव्यावरची भाकरी उलटावी तशी
पुढे येऊन पडते.

पाच फ्रेम.
सव्वादहापर्यंत त्या पाचच काढत बसले.
सन्मती रेंडर रेंडर करत येरझाऱ्या घालत होता,
दिग्दर्शक तिसऱ्यांदा डोकावला,
“मॅडम, जीभ कोण बघतंय?”

साडेअकराला साहेब उभे राहिले,
भुवया वर गेल्या,
काळजी करू नका, म्हणाले.
समोर चाळीसेक प्रेक्षक, फुकटचा वडापाव खाऊन पेंगुळलेले.
आधी मागच्या रांगेतली एक बाई हसली, एकटीच,
तोंडाला पदर लावून.
मग सगळे. खळखळून.
(या शब्दातही तो दोनदा आहे. नंतर लक्षात आलं.)
विनोद जुनाच होता. गेल्या दिवाळीत केला होता बहुतेक.

शेवटची नावं इतकी भरधाव सुटतात
की माझ्या आईला माझं अजून सापडलेलं नाही.
त्यांत एक ओळ घुसवली होती,
जीभ : दस्तगीर शिकलगार.
सांगायला धावत खाली गेले
तर मामा फाटकाशी, कुणाची तरी गाडी काढून देत,
केबिनमध्ये टीव्ही एकटाच,
त्यावर खताची जाहिरात.

“काय झालं गं?”
काही नाही, म्हटलं. उद्या दाखवते.
त्यांनी डबी काढली, कवळी लावली,
भडंगाची पुडी पुढे केली.
“खा. सकाळपासनं उपाशी असशील.”
जीभ कशी वळली
ते या वेळी दिसलं नाही.
ऐकू आलं फक्त.